हाकेला ओ देणारं कुणी नसतं

१४ एप्रिल १९४४ हा दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता मुंबईत फारशी उरलेली नाहीत, पण त्या दिवसाची गोष्ट घराघरांतून टिकली आहे. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं. दुपारी कापसाने पेट घेतला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. आगीशी झुंजताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले आणि एकंदर मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. ढिगारे उपसायला आठ हजार माणसांना सात महिने लागले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो याच आगीच्या आठवणीत.

माझे आजोबा तेव्हा भायखळ्याला राहायचे. तावदानं फुटली तसे ते चाळीतल्या चार-पाच जणांबरोबर गोदीच्या दिशेने धावले आणि रात्री उशिरापर्यंत जखमींना हातगाडीवर घालून इस्पितळात पोचवत राहिले, असं आजी सांगायची. लहानपणी ऐकलेली ही गोष्ट माझ्या मनात मोठ्या स्फोटाचं माप होऊन बसली. पुढे वाचनात आलं की हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बची ताकद पंधरा हजार टन टीएनटीएवढी होती. मी लगेच भागाकार केला : दहा-अकरा ‘फोर्ट स्टिकिन’ एकदम. पुष्कळ वर्षं मी अणुबॉम्बचा विचार याच हिशेबाने करत होतो.

तो हिशेब चुकीचा होता. हे पुस्तक लिहायला घेतलं ते त्यातली चूक कळल्यावर. चूक कुठे होती, हे सांगण्यापुरतीच ही प्रस्तावना.

आजोबा धावू शकले, कारण भायखळा शाबूत होतं. हातगाडी होती, रस्ता होता, रस्त्याच्या शेवटी इस्पितळ होतं आणि इस्पितळात डॉक्टर होते. मुंबईचा एक भाग उद्ध्वस्त झाला आणि उरलेली मुंबई त्याच्या मदतीला गेली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठनंतर हिरोशिमात मदतीला जाईल असं शहरच उरलं नाही. शहरात दीडशेच्या आसपास डॉक्टर होते, त्यांतले ६५ मेले आणि राहिलेल्यांपैकी बहुतेक जखमी झाले. १,७८० परिचारिकांपैकी १,६५४ एक तर मेल्या किंवा काम करण्याच्या अवस्थेत राहिल्या नाहीत. अग्निशमनाचे बंब ढिगाऱ्यांखाली गेले आणि पाण्याचे नळ जागोजागी फुटले. अणुबॉम्बची ताकद टनांत मोजणाऱ्याला ही गोष्ट दिसत नाही. जखमी आणि त्याला उचलणारा हात, दोघांनाही तो एकाच क्षणी मारतो.

हे घडतं कसं, ते आधी थोडक्यात पाहू. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये ६४ किलो युरेनियम होतं. त्यातल्या जेमतेम किलोभर युरेनियमचं विखंडन झालं, आणि प्रत्यक्ष ऊर्जेत बदललं ते वस्तुमान ग्रॅमभरही नव्हतं. सोनाराच्या काट्यावर सहा गुंजा भरतील एवढंच. विमानातून सुटल्यावर बॉम्ब पाऊण मिनिटाच्या आत खाली आला आणि जमिनीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर फुटला. ही उंची मुद्दाम ठरवलेली होती. बॉम्ब जमिनीवर आपटून फुटला तर त्याची पुष्कळशी शक्ती खड्डा पाडण्यात जाते, हवेत फुटला तर ती सगळीकडे पसरते. अशा स्फोटातली साधारण निम्मी ऊर्जा हवेच्या दाबाच्या लाटेत जाते, एक तृतीयांशाहून थोडी अधिक उष्णतेत, आणि उरलेली किरणोत्सारात.

यांतली उष्णता सर्वांत आधी पोचते, प्रकाशाच्या वेगाने. स्फोटाच्या बरोबर खाली जमिनीचं तापमान तीन ते चार हजार अंश सेल्सिअसपर्यंत गेलं. लोखंड दीड हजारावर वितळतं. भट्टीतून भाजून निघालेल्या कौलांना तिथे पुन्हा फोड आले आणि ते तसेच थिजले. अशी कौलं आजही हिरोशिमाच्या संग्रहालयात आहेत. गडद रंग उष्णता जास्त शोषतो, त्यामुळे एका बाईच्या किमोनोवरची गडद नक्षी तिच्या पाठीवर जशीच्या तशी भाजून उमटली. एका बँकेच्या दगडी पायरीवर कुणीतरी दार उघडायची वाट पाहत बसलं होतं. आजूबाजूचा दगड उष्णतेने पांढुरका पडला आणि माणूस होता तेवढी जागा काळसर राहिली. ती पायरी काढून संग्रहालयात ठेवली आहे.

दाबाची लाट त्यानंतर काही सेकंदांत येते. हिरोशिमातली घरं लाकडी होती, न्याहारीच्या वेळी चुली पेटलेल्या होत्या. घरं कोसळली ती पेटत्या चुलींवर. अर्ध्या तासात ठिकठिकाणच्या आगी एकमेकींना मिळाल्या आणि त्यांतून वावटळीसारखं अग्नितांडव उभं राहिलं. अकरा चौरस किलोमीटरहून अधिक भाग बेचिराख झाला. पडलेल्या घरांखाली जिवंत माणसं होती. ती हाका मारत होती. वाचलेल्यांच्या आठवणींत हा प्रसंग वारंवार येतो : आई, बहीण किंवा मूल तुळईखाली अडकलेलं, एकट्याच्या ताकदीने तुळई हलत नाही, मदतीला कुणी नाही, आग जवळ येते आहे, आणि अखेर ‘तू जा’ असं आतूनच सांगितलं जातं. अशी माणसं पुढे साठ-सत्तर वर्षं जगली, पण त्या हाकेपासून त्यांची सुटका झाली नाही. बॉम्बच्या परिणामांची कोष्टकं करणाऱ्यांनी हा परिणाम कुठल्या रकान्यात लिहायचा?

आणि पाणी. भाजलेली माणसं पाणी मागत नदीकडे गेली. हिरोशिमा त्रिभुज प्रदेशात वसलेलं आहे, तेव्हा त्यातून सात नद्या वाहत होत्या. भाजलेल्याला पाणी दिलं की तो मरतो, असं तेव्हा सांगत असत, म्हणून कित्येकांनी पाणी मागणाऱ्याला नाही म्हटलं. तो तरीही मेला, आणि नाही म्हणणाऱ्याला आयुष्यभर चुटपूट लागून राहिली. मरणाऱ्याच्या मुखात पाण्याचा थेंब घालावा, हे आपल्याकडे वैऱ्यालाही नाकारत नाहीत. हिरोशिमाच्या स्मृतिदिनी आजही मृतांना पाणी अर्पण करतात. त्यामागे काय आहे हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

त्या सकाळी साडेसातच्या सुमारास धोका टळल्याचा भोंगा झाला होता. त्यामुळे लोक आडोसा सोडून कामाला लागले होते. त्यांत बारा-तेरा वर्षांची शाळकरी मुलं हजारोंनी होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहरात घरं पाडून मोकळे पट्टे करायचं काम चाललं होतं आणि त्यासाठी शाळांच्या तुकड्या उघड्यावर उभ्या केल्या होत्या. अशी सुमारे आठ हजार मुलं त्या दिवशी कामावर होती. त्यांतली सहा हजारांच्या आसपास मेली. त्यांच्यातल्या एका मुलाचा जेवणाचा डबा संग्रहालयात आहे. त्याच्या आईने मुलाला ओळखलं ते त्या डब्यावरून. डबा कललेला, झाकण वाकलेलं, आत भात, बार्ली आणि सोयाबीन यांचा कोळसा. तो डबा त्याने उघडलाच नव्हता. मी त्या काचेसमोर किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. मुलांचे डबे भरणाऱ्या कुठल्याही घरातल्या माणसाने तिथे उभं राहावं आणि मग अण्वस्त्रांविषयीचं आपलं मत सांगावं.

रेडक्रॉसच्या रुग्णालयात तेरुफुमी सासाकी नावाचे पंचवीस वर्षांचे डॉक्टर होते. सहाशे खाटांचं ते रुग्णालय, त्यात धडधाकट राहिलेले डॉक्टर ते एकटेच. त्यांचा चष्मा उडाला होता, तेव्हा एका जखमी परिचारिकेचा चष्मा लावून त्यांनी काम सुरू केलं. दिवसभरात दहा हजार माणसं त्या इमारतीच्या दिशेने आली. सासाकी तीन दिवस जवळजवळ अखंड उभे होते. अमेरिकी पत्रकार जॉन हर्सी यांनी ऑगस्ट १९४६मध्ये ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात लिहिलेल्या लेखामुळे हे जगाला कळलं. त्या साप्ताहिकाचा सबंध अंक त्या एका लेखाला दिलेला होता.

याच रुग्णालयात आणखी एक गोष्ट उघडकीला आली. तळघरात बंद ठेवलेल्या एक्स-रेच्या फिल्म काढून पाहिल्या तर त्या सगळ्या आधीच काळवंडलेल्या निघाल्या. भिंतींतून, जमिनीतून काहीतरी आरपार गेलं होतं. त्याचा अर्थ पुढच्या दोन-तीन आठवड्यांत लोकांच्या शरीरांवर दिसू लागला. अंगावर ओरखडाही नसलेली माणसं आजारी पडायला लागली. कंगव्याबरोबर केसांचे पुंजके हातात येत, हिरड्यांतून रक्त येई, कातडीवर जांभळे ठिपके उमटत, ताप चढे, आणि माणूस जाई. रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जाच किरणोत्साराने मेलेली असे. पांढऱ्या पेशी संपल्या की साधा जंतूही झेपत नाही, आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी संपल्या की रक्त थांबत नाही. हे डॉक्टरांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आणखी एक क्रूर गोष्ट अशी की स्फोटाच्या वेळी शहरात नसलेली, नंतर आप्तांना शोधायला आत शिरलेली माणसंही या दुखण्याने पडली. मदतीला धावणाऱ्यांना बॉम्ब दुसऱ्यांदा असा गाठतो. आजोबांची हातगाडी इथे कामाला आली नसती, उलट त्यांच्यावरच बेतली असती.

स्फोटानंतर वायव्येच्या बाजूला काळा, चिकट पाऊस पडला. तहानलेल्यांनी तो तोंड वर करून प्यायला. त्यात आगीची काजळी होती आणि किरणोत्सारी कण होते. त्या पावसात भिजलेल्या ८४ जणांना बॉम्बपीडित मानावं, हा हिरोशिमाच्या उच्च न्यायालयाचा निकाल आला तो २०२१मध्ये. तोवर ७६ वर्षं उलटली होती.

या पीडितांना जपानी भाषेत ‘हिबाकुशा’ म्हणतात. पाच-सहा वर्षांनी त्यांच्यात रक्ताचा कर्करोग वाढलेला दिसला, दहा वर्षांनंतर इतर कर्करोग. आईच्या पोटात असताना किरणोत्सार झालेली काही मुलं लहान डोक्याची आणि मतिमंद जन्मली. सादाको सासाकी ही मुलगी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. तिला काहीच झालं नव्हतं. ऑक्टोबर १९५५मध्ये, बाराव्या वर्षी ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. कागदी करकोच्यांची तिची गोष्ट आपल्याकडे मुलांना सांगतात, पण मधली ती दहा वर्षं गोष्टीतून गळून जातात. मला ती वर्षं महत्त्वाची वाटतात. बॉम्ब त्या मुलीच्या अंगात दहा वर्षं होता. हिबाकुशांची लग्नं जुळेनात, त्यांना नोकऱ्या मिळेनात, म्हणून पुष्कळांनी आपण हिरोशिमाचे आहोत हे लपवलं. १९४७मध्ये अमेरिकेने त्यांच्या तपासणीसाठी आयोग नेमला. तो रक्त तपासायचा, फोटो काढायचा, नोंदी ठेवायचा, पण उपचार करत नव्हता. जपान अमेरिकेच्या ताब्यात असेपर्यंत बॉम्बविषयीच्या बातम्यांवर सेन्सॉरची कात्री चालत होती. म्हणजे पीडितांना उपचारही नाहीत आणि बोलायलाही बंदी. शस्त्राचं काम अशा रीतीने कागदावरही चालू राहिलं, असंच मी म्हणेन.

नागासाकीविषयी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, इथे एवढंच सांगतो : ९ ऑगस्टचं विमान नागासाकीसाठी निघालंच नव्हतं. त्याचं पहिलं लक्ष्य कोकुरा हे शहर होतं. तिथे खालचं काही दिसेना, म्हणून विमान पुढे गेलं. कोकुराची माणसं वाचली ती आभाळामुळे. १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे एक लाख चाळीस हजार आणि नागासाकीत सत्तर हजारांच्या वर माणसं मेली.

आणि तेव्हाचे ते बॉम्ब आजच्या मानाने लहान होते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर फोडलेला बॉम्ब हिरोशिमाच्या हजारपट होता. शास्त्रज्ञांच्या अंदाजापेक्षा तो अडीचपट मोठा निघाला. घोषित धोक्याच्या हद्दीबाहेर मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर पांढरी राख पडली, २३ खलाशी आजारी झाले आणि त्यांचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये वारला. त्या स्फोटानंतर महिनाभराने, २ एप्रिललाच, नेहरूंनी लोकसभेत या चाचण्या थांबवण्याची मागणी केली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. अणुस्फोटांचे परिणाम सामान्य नागरिकाला कळावेत म्हणून भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांच्या देखरेखीखाली एक पुस्तक तयार झालं आणि भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने ते १९५६मध्ये छापलं. त्याला प्रस्तावना नेहरूंची होती. एका नव्या, गरीब देशाच्या सरकारने आपल्या लोकांना ही माहिती द्यायची ठरवलं, याचा मला अभिमान वाटतो. माझं पुस्तक त्या वाटेवरचंच आहे, हे नमूद करायला हवं.

पुढे आपणही बॉम्ब केला. १९७४च्या पोखरण स्फोटातलं प्लुटोनियम तुर्भ्याच्या अणुभट्टीतून आलेलं होतं. मे १९९८मध्ये पुन्हा स्फोट झाले तेव्हा मी कॉलेजात होतो. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले, मीही हात पुढे केला. आमच्यासाठी ‘ॲटम बॉम्ब’ हा दिवाळीत दुकानात मिळणारा, हिरव्या सुतळीत गुंडाळलेला फटाका होता, आणि त्या पेढ्यामागे तोच आवाज होता. त्या दिवशी गल्लीतल्या कुणाला, मलाही, डॉक्टर सासाकींचं रुग्णालय माहीत नव्हतं. त्याच सुमारास एम. व्ही. रमणा या भौतिकशास्त्रज्ञाने मुंबईवर हिरोशिमाएवढा एकच बॉम्ब पडला तर काय होईल याचा हिशेब मांडला. कुठे पडतो, कोणत्या वेळी पडतो यांवर अवलंबून, थोड्याच काळात दीड लाखापासून साडेआठ लाखांपर्यंत माणसं मरतील, असा त्यांचा अंदाज होता. त्यातून वाचलेल्या लाखो भाजलेल्यांना कुठे न्यायचं? एखाद्या कारखान्यात आग लागून पन्नास माणसं होरपळली तरी आपल्या मोठ्या इस्पितळांची धावपळ होते. भाजलेल्या रोग्यासाठी लागणारी निर्जंतुक खोली, रक्त, सलाइन, त्वचारोपण करणारे हात ही सगळी मोजकी असतात, आणि असतात ती शहराच्या मध्यभागी.

आज नऊ देशांकडे मिळून सुमारे बारा हजार अण्वस्त्रं आहेत. ती वापरण्यासाठी नाहीत, धाक दाखवण्यासाठी आहेत, असं आपल्याला सांगितलं जातं. सांगणारे प्रामाणिक असतील. पण ९ मार्च २०२२ रोजी आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यात स्फोटक नव्हतं. चौकशी झाली, हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढलं गेलं. माणसाकडून चुका होतात आणि यंत्रं बिघडतात. ज्या शस्त्राची एक चूक दुरुस्त करायला कुणी उरत नाही, ते माणसाच्या हाती असू नये, हे माझं मत आहे आणि ते मी इथे लपवत नाही. त्यात भारताची शस्त्रंही आली. भारत आणि पाकिस्तान यांच्यात अणुयुद्ध झालं तर जळत्या शहरांची काजळी आकाशात उंच जाऊन वर्षानुवर्षं ऊन अडवेल, पिकं बुडतील आणि जगभर दोन अब्जांहून अधिक माणसं उपाशी मरू शकतील, असं २०२२च्या एका अभ्यासात म्हटलं आहे. ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नाही, अशा दूर देशांतल्या माणसांचाही त्यांत समावेश असेल. त्यांच्या मदतीला तरी कोण जाणार?

या पुस्तकात भीती घालण्याचा हेतू नाही. हिरोशिमा पुन्हा वसलं. बॉम्ब पडल्यावर तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, एका छोट्या टप्प्यावर ट्राम धावू लागली. जळक्या जमिनीतून सर्वांत आधी जी फुलं फुलली त्यांत कण्हेर होती. आपल्या परसातली, रस्त्याच्या दुभाजकावरची तीच कण्हेर. हिरोशिमाने पुढे तिला शहराचं फूल म्हणून मान दिला. शहर वसवलं ते वाचलेल्यांनी आणि बाहेरून आलेल्यांनी. तेव्हा बाहेर एक शाबूत जग होतं, म्हणून ते जमलं. हिबाकुशांच्या ज्या संघटनेला २०२४चं शांततेचं नोबेल मिळालं, तिची मागणी १९५६पासून एकच आहे : आमच्यासारखं पुन्हा कुणाचं होऊ देऊ नका. ही माणसं आता नव्वदीकडे झुकली आहेत. पुढची प्रकरणं वाचताना घाई करू नका, एवढी विनंती आहे. एका बैठकीत एकच वाचा.

हिरोशिमाच्या स्मारकात, कमानीखालच्या दगडी पेटीत, मृतांच्या नावांच्या वह्या ठेवल्या आहेत. दर ६ ऑगस्टला गेल्या वर्षभरात वारलेल्या हिबाकुशांची नावं त्यांत वाढवली जातात. आता तिथे साडेतीन लाखांच्या घरात नावं आहेत. त्यांतल्या एका वहीची पानं कोरी आहेत. ज्यांची नावं सांगायलाही मागे कुणी राहिलं नाही, त्यांच्यासाठी ती वही आहे.